पाठ टेकण्याचा हिवाळा

आज सकाळी मी पडले.

कचऱ्याचा निळा डबा ओढत ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत नेत होते. रात्री पाऊस पडून गेला होता आणि पहाटेच्या थंडीनं त्याची काच केली होती. ओहायोतला हा बर्फ दिसत नाही. डांबराच्याच रंगाचा होऊन तो दबा धरून बसतो. माझा डावा पाय पुढं गेला, उजव्याचं त्याच्याशी पटलं नाही, आणि दोन स्वेटरांवर नवऱ्याचं जॅकेट चढवलेली एक पन्नाशीची बाई भर रस्त्याकडेला आकाशाकडं तोंड करून आडवी झाली. पडता पडता हनुवटी छातीशी गेली होती. हात आपणहून बाजूला जाऊन जमिनीवर आपटला होता, सपाट, कोपरापर्यंत. कुठंही दुखत नव्हतं. डबा मात्र उतारावरून एकटाच पुढं गेला आणि जिथं ठेवायचा तिथंच जाऊन उभा राहिला. माझ्यापेक्षा तो शिस्तीचा.

गराजच्या दारात माझी लेक ईरा उभी होती. कानात इयरफोन, हातात टोस्ट.

"चिन?" तिनं विचारलं.

"टक केली."

"हात?"

"आपटला."

"नाइस," ती म्हणाली आणि आत गेली.

आई रस्त्यावर उताणी पडलेली आणि मुलगी टोस्ट खात घरात जाते, हे दृश्य सांगलीत कुणी पाहिलं असतं तर ईराचं लग्न जमणं अवघड झालं असतं. मी मात्र तशीच पडून राहिले. डोक्यावरून बदकांची एक रांग कुरकुरत गेली. मला सेत्सुको सेन्सेई आठवल्या, आणि तीन वर्षांपूर्वीचा तो जानेवारी. दर हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायला लागलं की तो परत येतो. यंदा जरा जोरात आला, इतकंच.

ओहायोतल्या आमच्या या डब्लिन गावात जपानी माणसं बरीच. मोटारींच्या कारखान्यासाठी आली आणि राहिली. आम्ही गळ्यात ऑफिसचं बिल्ला-कार्ड अडकवून आलो आणि व्हिसाच्या तारखा मोजत राहिलो. ते आणि आम्ही एकमेकांना भेटत होतो ते फक्त रेक सेंटरच्या, म्हणजे गावच्या क्रीडाकेंद्राच्या, मागच्या हॉलपाशी, कारण दारात बूट काढून आत जाणारे आम्ही दोघंच. ईराला पोहायला घालायचं होतं, पण तो वर्ग भरला होता आणि शेजारी ज्युदोचा रिकामा होता. आमच्या घरात बरेचसे मोठे निर्णय असेच होतात.

सेन्सेई म्हणजे शिकवणाऱ्या बाई. साठी ओलांडलेल्या, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आणि उभ्या राहिल्या की जमिनीत पुरलेल्या खांबासारख्या. पहिल्या दिवशी मी बाकावर बसून बटाट्याचे वेफर्स खात होते. त्या समोर आल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "ईरा-मामा, तुम्हीपण." जपान्यांत मुलाच्या आईला अशी हाक मारतात. मी माझ्याच मुलीचा मामा झाले, आणि त्या धक्क्यात नाही म्हणायचं राहून गेलं.

(त्यांचं इंग्रजी तुटक, माझं सांगलीच्या वळणाचं. इथं दोन्हींचं मराठी करताना मी आम्हा दोघींना जरा सुधारून घेतलं आहे.)

पहिले कित्येक आठवडे त्यांनी फक्त पडायला शिकवलं. मागं पडा, बाजूला पडा, पुढं कोलांटी घेऊन पडा. आम्ही आयबाप मंडळी पडायलाच तयार नव्हतो. तोल गेला की प्रत्येकाचा हात आधी खाली जायचा, जमीन थोपवायला. "हात मोडेल," सेन्सेई शांतपणे सांगायच्या. "पाठ द्या. पाठ मोठी आहे." मग त्या स्वतः पडून दाखवायच्या. त्या पडल्या की हॉलमध्ये एकच आवाज व्हायचा. ओल्या कपड्याचा धोब्याच्या दगडावर होतो तसा. नंतर त्या उठलेल्या असायच्या. मधलं काही दिसायचंच नाही.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी हे अप्पांना सांगितलं. माझे वडील अप्पा कुस्तीचे वेडे. सांगलीत ते कधी स्वतः मातीत उतरले नाहीत, पण एकही मैदान चुकवलं नाही. भाऊ त्यांच्याबरोबर जायचा. मी नाही, कारण तेव्हा मुलींना नेत नसत. मला कुस्ती कळली ती जेवताना. अप्पा भाकरीच्या दोन तुकड्यांची लढत लावायचे आणि हरलेला तुकडा आमटीत बुडवून खायचे.

"काय शिकवते म्हणालीस?" अप्पांनी स्क्रीनला कान लावला.

"पडायला."

"पाठ टेकायला शिकवते? आणि त्यासाठी तू पोरीला गाडीतनं घेऊन जातेस?"

"अप्पा, चॅम्पियन होत्या त्या. सगळ्या जपानच्या."

"असतील. पण पाठ टेकली की संपलं गं. तिथनं पुढं काय शिकवणार?"

अप्पांच्या जगात पाठ ही फक्त दुसऱ्याची टेकवायची गोष्ट होती.

सेन्सेई चॅम्पियन होत्या हे मला इंटरनेटनं सांगितलं होतं. बाकीचं त्यांनी सांगितलं, आणि तेही गाडीत. त्या जानेवारीच्या आधी, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला, त्यांचा डावा खुबा इतका दुखायला लागला की ब्रेकवर पाय ठेवताना चेहरा बदलायचा. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या एकट्या राहायच्या. मी त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेले आणि आत सोबतीला बसले.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. खुब्याचा गोळा जिथं गुळगुळीत असायला हवा तिथं उंदरानं कुरतडलेल्या वडीसारखा होता. फेब्रुवारीत ऑपरेशन, नवा सांधा. तोवर पडायचं नाही, कारण एक वाकडं पडणं आणि हाड पिचलं तर ऑपरेशनही नीट होणार नाही, चालणं कायमचं जाईल. आणि ऑपरेशननंतरही पडायचं नाही.

"कधीपर्यंत?" सेन्सेईंनी विचारलं.

"कधीच नाही. पोहणं मात्र उत्तम," डॉक्टर आनंदानं म्हणाले.

सेन्सेईंनी मान लववून त्यांचे आभार मानले. पार्किंगमध्ये गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "जानेवारीत योशिए येते आहे. ती मला टाकेल. एकदा."

मी गाडी सुरू केली नाही. हीटर तेवढा लावला आणि तिथंच बसून सगळं ऐकलं.

उत्तर जपानातल्या एका बर्फाळ गावात त्या वाढल्या. वडिलांचं टोफूचं दुकान. गावच्या ज्युदोच्या हॉलमध्ये मुलांना मधली जागा आणि या एकट्या मुलीला खांबाजवळचा कोपरा. काळा पट्टा मिळाला तेव्हा त्याच्या मधोमध लांबवर एक पांढरी रेघ होती. बायकांच्या पट्ट्याला ती असायचीच. "का?" म्हणून विचारल्यावर गुरुजी म्हणाले, "असते." बायकांच्या स्पर्धाच तेव्हा नव्हत्या. त्या सुरू झाल्या आणि सेत्सुको जी कॉलेजच्या संघात शिरली ती वर्षानुवर्षं हरलीच नाही. तिचा एकच डाव. पाठमोरं होऊन आत शिरायचं आणि समोरच्याला खांद्यावरून पुढं आपटायचं. आमच्याकडं याला धोबीपछाड म्हणतात, हे मी त्यांना पुढं कधीतरी सांगितलं. कपडे धुणाऱ्यावरून नाव ठेवलं आहे म्हटल्यावर खूश झाल्या.

योशिए त्याच कॉलेजात, त्याच वजनाची, त्याच खोलीत राहणारी. सेत्सुकोच्या खालोखाल तीच. पण एका वजनात एकीलाच पाठवायचं होतं, म्हणून प्रशिक्षकांनी वाटणी करून टाकली. एक जिंकेल, एक पडेल. चॅम्पियनला रोज सराव लागतो आणि सरावाला कुणीतरी खरंखुरं पडावं लागतं. योशिए चार वर्षं रोज पडली. सेत्सुकोच्या डावाला जी धार आली ती योशिएच्या पाठीवर आली.

"टाकताना समोरचीची बाही हातात असते," सेन्सेई सांगत होत्या. त्यांनी माझ्या जॅकेटची बाही मनगटापाशी धरली. "टाकलं तरी ती सोडायची नाही. शेवटी वर ओढायची. मग समोरची नीट पडते. पण ओढायला क्षणभर जास्त लागतो. मला तो क्षण नको होता. परदेशातली मोठी स्पर्धा आठवड्यावर होती. मला वेग हवा होता. मी बाही सोडली."

योशिएचा खांदा निखळला. सेत्सुको परदेशात गेली आणि सोनं घेऊन आली. गावात मिरवणूक निघाली. योशिए एक हात गळ्यात बांधून, दुसऱ्या हातात सेत्सुकोची बॅग घेऊन मागून चालत होती. ती त्यानंतरही कधी स्पर्धेत उतरली नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांचा ज्युदो आला तोपर्यंत सेत्सुकोचाही गुडघा गेला होता. मग मोटारींच्या कारखान्यातला एक इंजिनियर, लग्न आणि ओहायो.

"तिनं मला चारचौघांत कधीच टाकलं नाही," सेन्सेई म्हणाल्या. "कुणालाच नाही. फेब्रुवारीनंतर मला पडता येणार नाही. म्हणून जानेवारी."

त्यांनी माझी बाही सोडली. मग मी गाडी सुरू केली.

डिसेंबरभर मी मोहीम चालवली. कॉलेजात असताना मी एकांकिका गाजवल्या आहेत. वर्गानंतर सेन्सेईंसमोर मी विनवणी केली, रागावले, एकदा डोळ्यांत पाणी आणलं. ते खरं निघालं याचं मलाच नवल वाटलं. त्या तोवर आपला पांढरा जाड डगला घडी घालत असायच्या. बाह्या आत, तीन घड्या, वर पट्टा. माझं नाटक संपेपर्यंत घडी पूर्ण व्हायची. "ईरा-मामा, चहा?" त्या विचारायच्या.

मग मी ठरवलं की योशिएंना सांगायचं. त्यांना खुब्याचं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तर त्या टाकणार नाहीत, प्रश्न मिटला. आता जरा लाज वाटते, पण तेव्हा मला हे फार चतुर वाटलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी आणि सेन्सेई विमानतळावर गेलो. दोघी जणी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, खोल वाकल्या, सरळ झाल्या. बस्स. मी मनात केवढ्या मिठ्या मारून ठेवल्या होत्या. योशिए आडव्या बांध्याच्या, लाल गालांच्या, एका शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. गाडीत त्यांनी मला सुकी मासळी दिली आणि झोपून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. मी सेन्सेईंच्या ड्राइव्हवेवर मीठ टाकायला गेले तर योशिए आधीच फावडं घेऊन लागल्या होत्या. आत सेन्सेई भात लावत होत्या. मी घसा साफ केला.

"योशिए-सान, तुम्हाला एक सांगायचंय."

"डावा खुबा," योशिए मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. फावडं थांबलं नाही.

"त्यांनी सांगितलं?"

"नाही. विमानतळावर ती वाकली, तेव्हा वजन सगळं उजव्यावर होतं. मी चार वर्षं तिला धरून होते. तिचं वजन कुठं असतं ते मला कळतं."

"मग नाही म्हणा."

त्यांनी फावडं बर्फात रोवलं. "सेत्सुकोनं आयुष्यात माझ्याकडं एकदाच काही मागितलंय. याआधी सगळं प्रशिक्षकांनी मागितलं होतं."

"निदान हळू टाका."

योशिएंनी माझ्याकडं जसं पाहिलं तसं माझ्याकडं एकदाच कुणीतरी पाहिलं होतं, मी पुरणपोळीत मैदा घातला तेव्हा माझ्या सासूबाईंनी. "हळू टाकलं तर माणूस अर्धवट पडतं. त्यानंच मोडतं. पुरतं टाकायचं," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातलं मीठ घेऊन पायरीवर टाकत पुटपुटल्या, "आणि बाही सोडायची नाही."

जपानी ज्युदोवाल्यांत जानेवारीत नव्या वर्षाचा सराव उघडण्याचा एक दिवस असतो. मुलं काय काय करून दाखवतात, मोठी माणसं एखादा डाव शास्त्रशुद्ध दाखवतात आणि शेवटी बारीक लाल कडधान्याची गोड पेज पितात. संक्रांत त्याच आठवड्यात होती, म्हणून आम्ही तिळाचे लाडू नेले. जपानी आज्ज्यांनी ते वाकून घेतले आणि दातांची काळजी करत खाल्ले. आमच्यातल्या एका बाबांनी पेजेचा वाडगा हुंगून "ही तर चवळीची खीर" असा निकाल दिला आणि तीनदा घेतली. बाहेर गाड्यांवर बर्फ, आत काचांवर वाफ, भिंतीशी ओळीनं आईबाप मांडी घालून बसलेले. मी अगदी मॅटच्या कडेला होते, माझ्या पांढऱ्या डगल्यात. शेजारी ईरा. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

मुलांचं झाल्यावर दोघी आल्या. दोघींच्या कमरेला जुने पट्टे होते, कडा झिजून सुतं निघालेले, आणि दोन्हींच्या मधून ती पांढरी रेघ. सेन्सेईंनी जाहीर केलं, "माझी मैत्रीण योशिए एक डाव दाखवेल. मी पडेन."

जपानी पालकांत हलकी कुजबुज झाली. ज्यांना सेन्सेई कोण होत्या हे माहीत होतं, त्यांना त्यातलं काही समजलं असावं.

दोघी वाकल्या. सेन्सेई पुढं आल्या, हात उचलून. योशिएंनी त्यांची बाही धरली, आत वळल्या, पाठ लावली, आणि सेत्सुको सेन्सेई जमिनीवरून उचलल्या गेल्या. मला आजही ते सावकाश झाल्यासारखं दिसतं, पण ते सावकाश नव्हतं. पांढऱ्या डगल्याचं एक मोठं वर्तुळ योशिएंच्या खांद्यावरून पुढं आलं, आणि आवाज झाला. तो एकच आवाज. खिडकीची काच थरथरली.

मी उठून धावले होते. त्यात विचार नव्हता. आपल्याकडं कुणी पडलं की आपण धावतो. बस स्टँडवर, लग्नात, देवळात. "अगं पडल्या, पडल्या" हे शब्दसुद्धा माझ्या तोंडून निघाले होते, मराठीतून, आणि माझ्यामागं दोन काकूही अर्ध्या उठल्या होत्या. माझा एक पाय मॅटवर होता. तेवढ्यात कुणीतरी माझी बाही धरून मला मागं ओढलं.

"आई, नो," ईरा दबक्या आवाजात म्हणाली. "शी इज नॉट हर्ट. त्या पडल्या, इतकंच. लेट हर."

मी बसले. ईरानं बाही सोडली नाही.

मॅटवर सेन्सेई छताकडं पाहत पडल्या होत्या. एक हात अंगापासून लांब, सपाट, आपटला होता तिथंच. दुसऱ्या हाताची बाही योशिएंच्या मुठीत होती, वर ओढलेली. योशिए गुडघ्यांत वाकून तशाच उभ्या होत्या. कुणीच हललं नाही. मला वाटलं, मोडलं. मग सेन्सेईंनी योशिएंना काहीतरी एक-दोन शब्द म्हटले, आणि योशिएंनी बोट बोट करून मूठ उघडली.

त्यानंतर योशिए वळल्या आणि मॅटच्या टोकाला चालत आल्या, आमच्या बाजूला. असं प्रात्यक्षिक झालं की दोघांनी एकमेकांकडं पाठ करून कपडे नीट करायचे असतात, अशी रीत आहे. पडलेला कसा उठतो ते पाहायचं नसतं. सेन्सेईंना उठायला वेळ लागला. आधी कूस, मग उजवा गुडघा, मग बराच वेळ काहीच नाही, मग उभ्या. सगळा हॉल पाहत होता. योशिए तेवढ्या पाहत नव्हत्या. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहून पट्टा बांधत होत्या. पट्टा आधीच नीट बांधलेला होता. त्यांनी तो सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

मग दोघी वळल्या आणि एकमेकींना वाकल्या. या खेपेला सेन्सेईंचं वजन कुठं होतं हे मीही पाहून घेतलं.

फेब्रुवारीत ऑपरेशन नीट पार पडलं. हाड पिचलं नव्हतं. डॉक्टरांना आम्ही काही सांगितलं नाही. सेन्सेई आता मॅटच्या कडेला खुर्चीत बसून शिकवतात. सगळ्यांना पडायला लावतात, आणि हॉलमध्ये न पडणाऱ्या त्या एकट्याच असतात. आठवड्यातून एकदा पोहायला जातात. पोहणं कसं वाटतं म्हणून विचारलं तर म्हणतात, "ओलं."

त्या रविवारी मी अप्पांना सगळं साग्रसंगीत सांगितलं होतं, आवाज आणि हावभावांसकट. त्यांनी पुन्हा स्क्रीनला कान लावला. मग म्हणाले, "त्या दुसरीनं बाही शेवटपर्यंत धरली होती?"

"हो."

"हां," अप्पा म्हणाले. पाठ टेकण्याबद्दल ते त्यानंतर काही बोलले नाहीत.

आज मी रस्त्यावरून उठले, जॅकेट झटकलं आणि घरात येऊन ओट्यापाशी उभी राहून सेन्सेईंना फोन लावला. ईरा दप्तर भरत होती. पुढच्या हिवाळ्यात ती दुसऱ्या राज्यात कॉलेजात असेल आणि माझा डबा मला साक्षीदाराविना न्यावा लागेल.

"सेन्सेई, आज मी पडले. बर्फावर."

"कुठली बाजू?"

"डावी."

"लागलं?"

"नाही. हनुवटी आत, हात सपाट. आपोआप झालं सगळं."

पलीकडं त्यांच्या घरातली किटली वाजायला लागली होती, पण त्या उठल्या नाहीत. मग त्यांनी जरा हळू विचारलं, "आवाज कसा आला?"

आवाज कसा यायला हवा हे ज्या बाईनं स्वतः पडून दाखवलं, तिला मी शब्दांत काय सांगणार. मी फोन ओट्यावर ठेवला, बाही वर सारली आणि फोनशेजारी तळहात आपटला, सपाट, कोपरापर्यंत. डब्यांची झाकणं वाजली.

फोनमधून सेन्सेईंचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "आणखी एकदा."